मधुमेही उंदराच्या जबड्यातील धागा

अमरावती-अकोल्याकडचा दंतवैद्य इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे कृत्रिम दंतमूळ, बसवण्याआधी रुग्णाची 'शुगर' विचारतो, कारण त्याभोवतीची हिरडी सुजून खालचे हाड झिजण्याचा विकार, पेरि-इम्प्लांटायटिस, अनियंत्रित मधुमेहात अधिक संभवतो. ज्या मधुमेही उंदरावर या विकाराचा अभ्यास होतो, त्याचे कूळ मात्र एक नाही; मधुमेह, धातू आणि धागा अशा त्याच्या तीन शाखा आहेत.

मधुमेहाची शाखा सर्वांत जुनी. 1889 साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून मधुमेह उत्पन्न केला. पुढे शस्त्रक्रियेची जागा रसायनाने घेतली. कॅन्ससच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेले स्ट्रेप्टोझोटोसिन मधुमेह घडवते, असे 1963 साली राकिटेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्याच्या रेणूला ग्लुकोजचा अंश जोडलेला असल्याने ते साखरेच्याच वाटेने इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत शिरते आणि त्यांचा नाश करते. धातूची शाखा स्वीडनची: 1952 साली लुंड येथे ब्रोनेमार्क यांनी सशाच्या पायात बसवलेली टायटॅनियमची कुपी हाडाशी इतकी एकजीव झाली की ती काढता येईना. धाग्याची शाखा बीगल कुत्र्यांची. इम्प्लांटच्या मानेभोवती रेशमी किंवा सुती धागा बांधला, की त्याच्या आडोशाने जिवाणूंचा थर साचतो व दाह खाली उतरतो. 1992 साली लिंडे आणि सहकाऱ्यांना हा दाह नैसर्गिक दातापेक्षा इम्प्लांटभोवती हाडापर्यंत अधिक खोल गेलेला आढळला. कापसाच्या वऱ्हाडात सुताचा हा उपयोग क्वचितच कोणाला सुचला असता.

उंदराची दाढ काढून तिथे टायटॅनियमचा बारीक स्क्रू बसवायचा, स्ट्रेप्टोझोटोसिन टोचायचे आणि धागा बांधायचा, अशी ही तिहेरी जोडणी आहे. सोयीची असली तरी ती थोडी उतावळी आहे, कारण काही दिवसांत बीटा पेशी मारून आणलेला मधुमेह हा वर्षानुवर्षे मुरणाऱ्या प्रकार-2 मधुमेहाहून वेगळा असतो.

या उणिवेला पुण्यातील एका प्रयोगाने उत्तर सुचवले, जरी त्याचा विषय दात नव्हता. हार्डीकर, याज्ञिक, गलांडे आणि सहकाऱ्यांनी 2015 साली 'सेल मेटाबॉलिझम' या नियतकालिकात मांडलेल्या या संशोधनात विस्टर जातीच्या उंदरांना 50 पिढ्या अर्धपोटी ठेवलेले होते. स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेह होण्याची त्यांची शक्यता सामान्य उंदरांच्या सुमारे आठपट होती आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर अन्न दिल्यानंतरही चयापचयातील हे दोष पुसले गेले नाहीत. दुष्काळ सोसलेल्या वऱ्हाडातील रुग्णाच्या हिरडीचा विचार करताना हाच उंदीर अधिक जवळचा ठरावा.