पेशीची पहिली ओळख (शालेय विज्ञान, मुंबई उपनगर)

पेशी हा सजीवांच्या रचनेचा आणि कार्याचा मूलभूत घटक. बालभारतीच्या २०१७ साली आलेल्या सातवीच्या सामान्य विज्ञानात ‘पेशीरचना आणि सूक्ष्मजीव’ या पाठातून मुलांची तिच्याशी रीतसर ओळख होते. पेशीअंगकांचा तपशील आठवीत येतो. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांत हाच क्रम आहे.

१६६५ साली रॉबर्ट हुकने बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, त्या मृत पेशींच्या भित्तिका होत्या. सारे सजीव पेशींचेच बनलेले असतात, हा सिद्धान्त श्लायडेन व श्वान यांनी मांडायला १८३८-३९ उजाडले. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच होते, हे रुडॉल्फ फिरखोने ठासून सांगितले ते १८५५ मध्ये. जे पटायला अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या, ते मुलाने एका तासिकेत मान्य करावे अशी अपेक्षा असेल, तर निदान एक जिवंत पेशी त्याला दाखवणे शाळेचे कर्तव्य ठरते. केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका ही नावे त्यानंतर यावीत.

सर्वांत सोयीचा नमुना कांद्याचा. मांसल पापुद्रा मोडून त्याच्या आतल्या, खोलगट बाजूचा पातळ पडदा चिमट्याने सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडू देता पसरायचा, वर आयोडीनचा किंवा सॅफ्रानिनचा थेंब टाकायचा. आच्छादन काच एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडावी, नाहीतर हवा अडकते. काळ्याभोर कडेचा, अगदी गोल असा तो बुडबुडा नवख्या डोळ्याला पेशीपेक्षा आधी दिसतो आणि वहीत ‘पेशी’ म्हणून काढलाही जातो. खरी पेशी लांबट, कोनदार असते आणि शेजारणीला चिकटून असते. रंग घेतलेले केंद्रक बहुधा कडेला सरकलेले असते. सूक्ष्मदर्शकाला आधी कमी वर्धनाचे भिंग लावावे. एकदम मोठे लावले की मुलाला धूसर रंगाखेरीज काहीच सापडत नाही. कांद्याच्या या पडद्यात हरितलवके नसतात. पुस्तकातली वनस्पतिपेशी हिरवी आणि ही मात्र रंगहीन का, हा प्रश्न त्यामुळे वर्गात हमखास येतो. त्याला पुरेसा वेळ द्यावा.

पेशीला शरीराची वीट म्हणण्याची प्रथा सोपी असली तरी अपुरी आहे. वीट अन्न घेत नाही, दुभंगून दोन होत नाही. विटांच्या भिंतीत चुना लागतो तसे शरीरात पेशींखेरीज हाडातले खनिज, रक्तातला द्रव असे बरेच काही असते, पण तेही पेशींनीच घडवलेले किंवा राखलेले असते. वीट आणि जिवंत पेशी यांतला फरक दाखवायला हायड्रिला उत्तम. मत्स्यालयाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या या पाणवनस्पतीचे पान जेमतेम दोन पेशींच्या जाडीचे असल्याने काप घ्यावा लागत नाही. पान प्रकाशात ठेवून पाहिले, तर पेशीद्रव्याबरोबर हरितलवके कडेकडेने फिरताना दिसतात. ती हालचाल पाहिलेल्या मुलाला पेशी जिवंत असते हे वेगळे सांगावे लागत नाही. प्राणिपेशीसाठी गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी मिथिलिन ब्ल्यूने रंगवून दाखवतात. प्रत्येक मुलाला स्वतंत्र, स्वच्छ काडी द्यावी.

उपनगरातला या शिक्षणाचा भक्कम आधार म्हणजे मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. जयश्री रामदास व सहकाऱ्यांनी येथे घडवलेली ‘स्मॉल सायन्स’ ही प्राथमिक वर्गांची मालिका निरीक्षण, चित्र आणि प्रश्न यांवर उभी आहे; वरच्या वर्गात पेशी शिकवताना नेमकी हीच सवय उपयोगी पडते. देशातील जीवशास्त्र ऑलिंपियाडचे कामही हे केंद्र पाहते आणि २००८ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्याने मुंबईत भरवली होती. नाव सारखे असले तरी या केंद्राची नसलेल्या, सहावी व नववीच्या मुलांसाठी होणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाची फेरी असते.