खाजणाचा बांध : गावाच्या एकोप्याचा इतिहास

देवालयाच्या जीर्णोद्धाराचे शुभकार्य सिद्धीस जात असताना, ज्या शेतीच्या उत्पन्नावर गोव्यातील अनेक गावांचे नेम-उत्सव पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्या शेतीची राखण करणाऱ्या मातीच्या बांधाचेही स्मरण करणे उचित होईल.

मांडवी, जुवारी, साळ या नद्यांकाठची खाजण जमीन भरतीच्या पातळीहून सखल आहे. पावसाळ्यात डोंगराकडून पुराचे आणि समुद्राकडून भरतीचे असे दुहेरी पाणी तिच्यावर चाल करून येते. आपल्या पूर्वजांनी नदीकाठी चिकणमातीचे बांध घातले, बाहेरच्या अंगाला जांभ्या दगडाची भिंत रचली आणि बांधात मानस बसवली. मानशीची लाकडी दारे भरती आली की पाण्याच्या दाबानेच मिटतात. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी ती ढकलून नदीला मिळते. अशा रीतीने सुमारे १८,००० हेक्टर जमीन शेतीखाली आली. खाऱ्या मातीत तग धरणारे कोरगूट भात तीत पिकू लागले.

बांध घालण्याहून तो राखणे कठीण. खेकडे बिळे पाडतात, लाटा माती ओढून नेतात. दुर्लक्ष झाले तर लहानशा बिळाचे भगदाड होते. आणि खारे पाणी शेतात साचले की मीठ धुऊन निघण्यास काही पावसाळे जातात. म्हणून ही राखण गावकरी संस्थेने आपल्याकडे ठेवली होती. १५२६ साली अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावच्या रूढी लेखी नोंदविल्या, त्याच्याही आधीपासून ही संस्था नांदत होती. शेते लिलावाने कसावयास देऊन आलेल्या पैशांतून बांधाची डागडुजी होई, गावची इतर कामेही निघत.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६४ च्या कूळ कायद्याने व त्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्यास त्याचा हक्क मिळाला, हे योग्यच झाले. बांधांची जबाबदारी मात्र कूळ संघांकडे आली आणि सर्वत्र ती सारख्याच निष्ठेने पाळली गेली नाही. काही ठिकाणी मासळीच्या लोभाने मानशी अवेळी उघड्या राहिल्या. बांध फुटले, शेते पडीक झाली.

देवळासाठी घरटी वर्गणी निघते, श्रमदान होते. तसाच पावसाआधीचा एक दिवस सर्वांनी मिळून बांधासाठी दिला, तर पूर्वजांचे ते ऋण अंशतः फिटेल.