अर्धच्छेद : गुणाकाराची बेरीज

कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांचे वर्णन आहे. तेरापूर म्हणजे आपले तेर. १९३४ साली कारंजा ग्रंथमालेत हे काव्य संपादताना डॉ. हिरालाल जैन यांनी ती लेणी म्हणजे धाराशिवचीच, हे दाखवून दिले. त्याच विद्वानाच्या हातून पुढे गणिताच्या इतिहासाचेही एक दालन उघडले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही.

मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके बंदिस्त राहिलेली ‘धवला’ टीका त्यांनी १९३९ पासून अमरावतीहून प्रकाशित केली. १९४२ च्या चौथ्या खंडात अवधेश नारायण सिंह यांनी तिच्यातील गणित उलगडले. राष्ट्रकूटकाळात होऊन गेलेल्या टीकाकार वीरसेनाचार्यांना द्वीपसमुद्रांची दुपटीदुपटीने वाढणारी मापे मोजायची होती. त्यासाठी त्यांनी ‘अर्धच्छेद’ ही कल्पना वापरली. एखादी संख्या निम्मी निम्मी करीत एकापर्यंत यावयास जितक्या पायऱ्या लागतात, तितके तिचे अर्धच्छेद.

उदाहरणार्थ ३२ घेऊ. १६, ८, ४, २, १ : अर्धच्छेद पाच. आठाचे तीन, चाराचे दोन. आता नियम पाहा. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज, भागाकाराचे, वजाबाकी. मग ३२ गुणिले ८ भागिले ४ याचे अर्धच्छेद किती? पाच अधिक तीन वजा दोन, म्हणजे सहा. पडताळा घ्या : उत्तर ६४, आणि ६४ सहा वेळा निम्मे केले की एक उरतो. आजच्या भाषेत हाच दोन पायाचा लघुगणक. तिनाने भागत गेल्यास ‘त्रिकच्छेद’ : ८१ चे चार.

येथे अभिमानाच्या भरात अतिशयोक्ती नको. अर्धच्छेद मुख्यतः दोनाच्या घातांपुरते चालतात. कोणत्याही संख्येसाठी उपयोगी पडणारी सारणी १६१४ साली स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी दिली आणि खगोलशास्त्रज्ञांचे कष्ट वाचवले. दोघांचे श्रेय वेगळे आहे, आणि दोघांनाही ते मिळाले पाहिजे.

महाराष्ट्रात बारावीच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला परीक्षेत गणकयंत्र वापरता येत नाही. लॉग टेबल चालते. पण सारणी उघडण्यापूर्वी त्याने एकदा तरी ३२ निम्मे निम्मे करून पाहावे. मग लघुगणकाचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. ते त्याला दिसतील. ताडपत्रावरील ज्ञान वाचक मिळेपर्यंत मुकेच राहिले होते. पाठ केलेल्या सूत्राचेही तसेच असते; अर्थ उमगेपर्यंत तेही मुकेच.