गाणे पुन्हा पाहताना

गाणे ही मूळची ऐकण्याची गोष्ट. ती पाहण्याची गोष्ट केव्हा झाली? चित्रपटांतील गाणी बाजूला ठेवली, तरी केवळ एका गाण्यासाठी बनवलेल्या छोट्या चित्रफितींचा इतिहास ऐंशी वर्षांहून जुना आहे. तो करमणुकीचा इतिहास खराच. पण विज्ञान शिकवणाऱ्यांच्या उपयोगाचा एक धागा त्यात सापडतो. तो म्हणजे पाहिलेले पुन्हा पाहता येण्याची सोय.

१९४० साली शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने ‘पॅनोराम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. कपाटासारखी लाकडी पेटी. आत १६ मिलिमीटर फिल्मचा प्रक्षेपक, काही आरसे आणि समोर पडदा. उपाहारगृहातील या यंत्रात १० सेंटचे नाणे टाकले की सुमारे तीन मिनिटांचे एक गाणे दिसे. मात्र आठ गाणी एकाच रिळावर जोडलेली असत. जे पुढे असेल तेच पाहायचे. आवडलेले गाणे पुन्हा पाहायचे तर मधल्या सात गाण्यांचे पैसे मोजावे लागत! १९६० साली फ्रान्समध्ये आलेल्या ‘स्कोपिटोन’ यंत्राने ही अडचण दूर केली. त्यात ३६ फितींमधून हवी ती निवडता येई.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत ‘एमटीव्ही’ ही गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी वाहिनी सुरू झाली. गाणी घरात आली, पण निवड पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेली. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘छायागीत’ची वाट पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

२००५ मध्ये इंटरनेटवर यूट्यूब सुरू झाले आणि चित्र बदलले. हवी ती फीत शोधावी, थांबवावी, मागे न्यावी, पुन्हा लावावी. एका नजरेत न संपणाऱ्या, चाकोरीबाहेरच्या चित्रफितींना त्यामुळे प्रेक्षक मिळू लागला. शिकागोत जन्मलेला ‘ओके गो’ हा वाद्यवृंद याचे चांगले उदाहरण आहे. २००६ मधील त्यांच्या एका चित्रफितीत चौघे जण आठ ट्रेडमिलवर नाचतात. एकच कॅमेरा, मध्ये कोठेही न तोडलेले चित्रण. ते साधायला १७ प्रयत्न लागले. यात पळणाऱ्या पट्ट्यावर उभ्या माणसाची सापेक्ष गती हाच खरा नायक आहे.

याच संचाने २०१६ मध्ये ‘अपसाइड डाउन अँड इनसाइड आऊट’ या गाण्याची चित्रफीत रशियातील एका विमानात तयार केली. माणसे, चेंडू, रंग, सारे काही हवेत तरंगताना दिसते. येथे गुरुत्वाकर्षण नाहीसे झालेले नाही. विमान चढत असताना वैमानिक इंजिनांचा जोर एवढा कमी करतो, की तो फक्त हवेचा विरोध भरून काढतो. मग विमान अन्वस्ताच्या, म्हणजे फेकलेल्या चेंडूच्या, वाटेने जाऊ लागते. विमान आणि आतील माणसे बरोबरच ‘पडत’ असल्याने कोणाचाच भार जमिनीवर पडत नाही.

ही अवस्था सुमारे २७ सेकंद टिकते. विद्यार्थ्यांना एक हिशेब देता येईल. अर्धा काळ वर जाण्यात आणि अर्धा खाली येण्यात जातो, असे धरू. १३.५ सेकंदांत पडणारी वस्तू, ½गटी²... म्हणजे ०.५ × ९.८ × १३.५ × १३.५, सुमारे ८९० मीटर खाली येते. जवळजवळ एक किलोमीटर! विमान उंचावर का न्यावे लागते, हे त्यावरून कळते.

पण गाणे तर तीन मिनिटांहून मोठे. मग २७ सेकंदांत ते कसे बसले? एकाच उड्डाणात विमानाने अशा आठ फेऱ्या केल्या. दोन फेऱ्यांमधल्या काळात कलाकार आपापल्या जागी स्थिर राहत. तो काळ नंतर काढून टाकला. शिवाय चित्रणाच्या वेळी गाणे सावकाश वाजवले आणि चित्र नंतर वेगाने चालवले. त्यामुळे विमानातील २७ सेकंद पडद्यावर सुमारे २१ सेकंदांतच संपतात. हे सारे त्या संचाने स्वतःच जाहीर केले आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील सेंट थॉमस विद्यापीठाच्या साहाय्याने त्यांनी आपल्या चित्रफितींवर आधारित साहित्य खास शिक्षकांसाठी उपलब्ध करून दिले.

म्हणजे तरंगणे खरे, पण पडद्यावरचे घड्याळ खरे नव्हे. एकाच चित्रफितीत या दोन्ही गोष्टी असू शकतात. आज यंत्राने रचलेली, कधीच न घडलेली दृश्येही हुबेहूब दिसतात. अशा वेळी ‘डोळ्यांनी पाहिले’ हा पुरावा पुरेसा नाही. ‘सगळेच खोटे’ म्हणणे हाही आळसच झाला. काय घडले, किती वेळात घडले, जोड कोठे आहे, हे तपासावे लागते.

पॅनोरामसमोर उभ्या असलेल्या माणसाला ही सोय नव्हती. आपल्या वर्गाला आहे. अशी एखादी चित्रफीत दाखवताना पहिल्यांदा मुलांना मनसोक्त आनंद घेऊ द्यावा. दुसऱ्यांदा लावताना त्यांच्या हाती घड्याळ आणि कागद द्यावा.