लिहायचे राहून गेले

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी आजीची वही बाहेर निघते. वही कसली, जुन्या हिशेबाच्या चोपडीची उरलेली पाने शिवून केलेले बाड ते. तीत अनारशांची कृती आहे. तांदूळ तीन दिवस भिजवावेत, पाणी रोज बदलावे, सावलीत सुकवून कुटावेत, इथवर सारे यथास्थित चालते. आणि मग एक वाक्य येते : गूळ बेताचा घालावा. बेताचा म्हणजे किती, हे आजीला ठाऊक होते. ती गेली आणि तिचा बेतही तिच्याबरोबर गेला. गेल्या दिवाळीत आमच्या मंडळींनी अंदाजाने गूळ घातला, आणि अनारसा तुपात सोडताक्षणी हसला. म्हणजे फुटून विरघळून गेला. तो हसला आणि घरात कोणीच हसले नाही!

या अनारशावरून मी आता संगणकाच्या इतिहासाकडे वळणार आहे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण त्याच संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. सवडीने कादंबऱ्या लिहितो. यंत्राशी माझा संबंध आला तो शाळेला मिळालेल्या सहा जुन्या संगणकांमुळे. दुसरी कोणतीही प्रणाली त्यांच्यावर धड चालेना, तेव्हा या मुलाने त्यांत लिनक्स घालून दिले, आणि ते आजतागायत चालत आहेत. दिवसा तो पुण्यात नोकरी करतो. रात्री लिनक्सवरच्या एका लहानशा प्रोग्रॅमचे पॅकेज सांभाळतो. या कामाचा त्याला एक पैसाही मिळत नाही.

पॅकेज म्हणजे काय, ते आधी सांगतो. वाण्याच्या दुकानात धान्य पोत्यातून येते. पण आपल्या घरी येते ती निवडलेली, तोललेली, वर नाव घातलेली पुडी. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस पोते पाठवतो. त्यातून पुडी बांधणारा, ती कशाबरोबर चालते आणि कशाबरोबर चालत नाही हे वर लिहिणारा, त्यात खडा निघाला तर बोलणी खाणारा जो माणूस, तो पॅकेजचा मेंटेनर. तो बहुधा स्वखुशीचा कारभारी असतो.

त्या संध्याकाळी हा कारभारी वैतागलेला होता. “सर, आता सोडून देतो हे काम,” तो म्हणाला. पुडी बांधण्याचे एक नवे अवजार वापरणे त्याला भाग होते. अवजाराच्या माहितीपत्रात लिहिले होते की तपशील अमुक फाइलीत पाहावा. त्या फाइलीत लिहिले होते की नमुना तमुक ठिकाणी आहे. त्या ठिकाणी गेल्यावर कळले की नमुना जुना झाला आहे, मूळ सोर्स कोड वाचावा. चार रात्री गेल्या होत्या. मी त्याला आजीची वही दाखवली. तो खिन्नपणे म्हणाला, “सर, आमच्याकडे तर सगळा गूळच बेताचा आहे!”

ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले, आणि या जगाचा इतिहास मी जमेल तसा वाचू लागलो. तेव्हा पहिली गोष्ट आढळली ती अशी की, या परंपरेचा आरंभ मुळी लिहून ठेवण्यापासूनच झाला आहे. लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर घडले, त्या युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती तयार केली. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान. पानावर आधी नाव, मग वापरण्याची रीत, मग वर्णन, आणि शेवटी दोष सांगण्यासाठी वेगळा रकाना. आपल्या मालातील खोट मालावरच लिहिणारा व्यापारी कोणी पाहिला आहे काय? इतकेच नव्हे, त्या पहिल्या आवृत्तीत ही आज्ञा कोणाच्या मालकीची, म्हणजे अडल्यास कोणाला विचारायचे, हेही नोंदलेले असे.

पण तो चार भिंतींतला संसार होता. बाजूच्या खोलीत जाऊन विचारता येत होते. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जगाला दिली, आणि एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे एका कामाला लागली. आता बाजूची खोली दुसऱ्या खंडात गेली. खुद्द स्टॉलमन यांनीच पुढे एका लेखात बजावले की, मुक्त प्रणालींची सर्वांत मोठी उणीव प्रोग्रॅममध्ये नाही, ती चांगल्या मुक्त माहितीपुस्तकांच्या अभावात आहे.

ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने डेबियन या संचाची घोषणा केली. त्या वेळचे तयार लिनक्स संच हयगयीने बांधलेले असत, आणि त्या हयगयीचा वीट येऊन त्याने हे काम हाती घेतले. प्रेयसी डेब्रा आणि आपण स्वतः इयन, अशी दोन नावे जोडून त्याने डेबियन हे नाव केले. वाचकांतील नवदांपत्यांना ही गोष्ट आवडेल. १९९६ च्या जूनमध्ये निघालेल्या डेबियनच्या १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीत ती ६४,४१९ झाली. चारशे पुड्यांचे दुकान चौसष्ट हजारांवर गेले, आणि पुड्या बांधणारे हात मुख्यतः स्वयंसेवकांचेच राहिले.

डेबियनने नियमांच्या बाबतीत कसूर केली, असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांचा धोरणग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात एक कलम असे आहे की, प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर माहितीचे पान असावे, आणि ते नसेल तर तो दोष समजावा. मूळ लेखकाने पान लिहिलेले नसते तेव्हा ते लिहिण्याचे काम पुष्कळदा मेंटेनरच करतो. मौज अशी की, जो दुसऱ्याच्या प्रोग्रॅमची माहिती लिहितो, त्यालाच आपल्या हातातील अवजाराची माहिती धड मिळत नाही. लोकांची पत्रे लिहून देणाऱ्याला स्वतःला मात्र कोणी पत्र लिहू नये, तसे हे झाले.

असे का व्हावे? माणसे आळशी म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि खोटे आहे. खरी कारणे मला तीन दिसतात.

पहिले कारण अवजारांच्या वेगाचे. आरंभी मेंटेनर पुडी बांधण्याचे सारे नियम हाताने लिहीत. मग डेबमेक नावाचे अवजार आले. १९९७ साली जोई हेस यांनी डेबहेल्पर काढले. पुढे सीडीबीएस नावाची आणखी एक पद्धत निघाली. २००८ साली डेबहेल्परनेच अशी सोय केली की पूर्वीची लांबलचक नियमांची फाइल साध्या पॅकेजाला तीन ओळींत आटोपावी. प्रत्येक पायरी सुधारणेचीच होती. परंतु रस्ता नवा झाला तरी जुन्या रस्त्याच्या पाट्या कोणी काढल्या नाहीत. नवा माणूस येतो, तो चारही पाट्या वाचतो आणि चौकात उभा राहतो. नवख्या मेंटेनरांसाठी योसिप रोदिन यांनी लिहिलेली मार्गदर्शिका पुष्कळांची गुरू झाली. तीही काळाने जुनी ठरली, आणि तिच्या जागी दुसरी लिहावी लागली. रेड हॅटच्या पंथातही हाच प्रकार. तेथील आरपीएम या अवजारावर एडवर्ड बेली यांनी १९९७ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. अवजार पुढे बदलत गेले, आणि ग्रंथ होता तेथेच राहिला.

दुसरे कारण माणसाच्या स्वभावाचे. ज्याला येते, त्याला न येणे म्हणजे काय हे आठवत नाही. मास्तरकीत हे मी रोज पाहतो. भागाकार शिकवताना हातचा कोठे ठेवायचा, हे सांगायचे मीच विसरतो. कारण माझा हात तो आपोआप ठेवतो. आजीने गुळाचे माप लपवले नव्हते. ते लिहिण्याजोगे आहे, असे तिला कधी वाटलेच नाही.

तिसरे कारण मानाचे. नवे अवजार करणाऱ्याचे नाव होते; पान लिहिणाऱ्याचे कोणी विचारीत नाही. जेथे पगार नाही तेथे मान हाच मोबदला, आणि तो एकाच बाजूला झुकला तर दुसरी बाजू रिकामी राहणारच.

न लिहिलेल्या एका ओळीची किंमत किती असू शकते, याचे उदाहरण या इतिहासातच आहे. ओपनएसएसएल नावाचा प्रोग्रॅम संगणकावरील गुप्त किल्ल्या घडवतो. किल्ली कोणाला ओळखता येऊ नये म्हणून तो वेड्यावाकड्या आकड्यांचा साठा करतो आणि त्यातून किल्ली काढतो. २००६ साली डेबियनच्या मेंटेनरला तपासणीच्या अवजाराने इशारा दिला की, येथे कोऱ्या, न भरलेल्या जागेतील आकडे वापरले जात आहेत. इशारा दोन ओळींकडे बोट दाखवीत होता. दोन्ही ओळी दिसायला सारख्या. त्यातील एक काढली असती तर काही बिघडले नसते. तिच्याजवळ एक लहानशी टीपही होती. दुसरी ओळ मात्र साऱ्या साठ्याचा प्राण होती; आणि तिच्याजवळ एक अक्षर लिहिलेले नव्हते.

मेंटेनरने घाई केली नाही. प्रोग्रॅमच्या चर्चामंडळात त्याने पत्र घालून विचारले, या ओळी काढल्या तर चालेल काय? अनुकूल उत्तर आले. सप्टेंबर २००६ मध्ये दोन्ही ओळी निघाल्या. पुढे वाद झाला तेव्हा प्रोग्रॅमच्या बाजूने सांगण्यात आले की, खरी विचारणा करण्याचा पत्ता वेगळाच होता. आणि तो पत्ता सहज सापडेल असा लिहिलेला नव्हता, अशी उलट तक्रार झाली.

वीस महिने कोणाला काही कळले नाही. १३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर केले की, लुसियानो बेलो यांना हा दोष सापडला आहे. आकड्यांच्या साठ्यात उरला होता तो फक्त चालू प्रोग्रॅमचा अनुक्रमांक, आणि तो फार तर ३२,७६८ पर्यंत जात असे. म्हणजे मोजता येणार नाहीत इतक्या किल्ल्यांऐवजी एका जातीच्या यंत्रावर एका प्रकारच्या, एका लांबीच्या सुमारे बत्तीस हजारच किल्ल्या घडत होत्या. चोराने एकेक लावून पाहिली तरी दार उघडावे! डेबियनमध्ये आणि त्यावर उभारलेल्या उबुंटूमध्ये त्या काळात घडलेल्या किल्ल्या साऱ्या जगात बदलाव्या लागल्या.

या प्रकरणात पुष्कळांनी त्या मेंटेनरला दोष दिला. मला तो देववत नाही. त्याने विचारले होते. परक्याचे घर झाडताना त्याने धन्याला विचारले, हे गाठोडे टाकू काय? आणि गाठोड्यावर चिठ्ठी नव्हती.

हे सारे वाचून झाल्यावर मी माझ्या विद्यार्थ्याला पुन्हा बोलावले. भाऊबीज उरकली होती. त्याला परवा पुण्यास जायचे होते. मी म्हटले, “अरे, सोडायचे तर सोड. पण त्या चार रात्रींत जे कळले, ते मला सांगून जा.”

तो हसला. “सर, तुम्हाला त्यातले काय कळणार?”

“काही कळत नाही, म्हणून तर सांग म्हणतो.”

मग दोन दुपारी आम्ही ओसरीवर बसलो. तो सांगे, मी वहीत उतरवून घेई. दर दुसऱ्या वाक्याला मी त्याला अडवी. “ही फाइल आली कोठून?” “ती असतेच, सर.” “कोणी केली?” मग त्याच्या लक्षात येई की ती आधी करावी लागते, आणि हे कोठेच लिहिलेले नाही. अशा अकरा जागा निघाल्या. त्यातील तीन त्याला स्वतःलाही माहीत नव्हत्या. हात आपोआप करीत होते. माझे अज्ञान उभ्या जन्मात इतके उपयोगी पडले नव्हते.

त्या वहीवरून त्याने इंग्रजीत दोन पानांचे टिपण केले आणि अवजाराच्या कर्त्याकडे पाठवले. तीन आठवडे उत्तर नाही. मग एके रात्री त्याचा फोन आला. कर्त्याने दोन वाक्ये दुरुस्त करून टिपण घेतले होते, आणि लिहिले होते की, आपणही एकटेच हे काम रात्री करतो, लिहायचे राहून गेले. त्याही गृहस्थाला पगार नव्हता! माझ्या विद्यार्थ्याचा राग तेथेच ओसरला. पॅकेज अजून त्याच्याकडेच आहे.

आपल्या मराठीचाही या कारभारात थोडा वाटा आहे, हे सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २००९ मध्ये निघालेल्या डेबियनच्या पाचव्या आवृत्तीपासून तिची मांडणी मराठीतून करता येऊ लागली. तेथील एकेक वाक्य कोणीतरी बसून मराठीत आणले, तेव्हा ते पडद्यावर उमटले. सप्टेंबर २०२३ मध्ये तर डेबियनच्या कारभाऱ्यांचे वार्षिक संमेलनच आपल्या देशात, कोचीला भरले. आमच्या शाळेतली मुले त्या सहा संगणकांसमोर बसतात, तेव्हा मी त्यांना हे सांगतो. प्रोग्रॅम लिहिता आला नाही तरी चालेल. जे कळले ते पुढच्याला कळेल असे लिहिता आले, तर त्या कामात जागा आहे.

असो. यंदा वसुबारसेच्या आधीच आमच्या मंडळींनी तराजू काढला. थोड्या थोड्या पिठात कमीजास्त गूळ घालून तीन घाणे करून पाहिले. पहिला हसला, दुसरा दगड झाला, तिसरा जाळीदार उतरला. आजीच्या वहीत ‘बेताचा’ या शब्दासमोर आता माप लिहिले आहे. शेजारी तारीख आहे, आणि खाली एक ओळ : तांदूळ नवा असेल तर गूळ किंचित कमी. पुढल्या वर्षी काही चुकले तर तेही तेथेच लिहू. जागा ठेवली आहे.