पायरोमॅनिया
आग लावण्याची अनिवार ऊर्मी असणारा आवेगनियंत्रणाचा दुर्मीळ विकार. कृत्यापूर्वी मनावर ताण दाटतो. ज्वाळा पाहताना सुख वा सुटका वाटते. आगीचे बंब, धावपळ यांचेही आकर्षण असते. सूड, विम्याचा पैसा, पुरावा नष्ट करणे असा हेतू असला, किंवा भ्रम, उन्माद, नशेच्या भरात कृत्य घडले, तर हे निदान होत नाही. त्यामुळे खरे रुग्ण थोडेच. फिनलंडमध्ये वारंवार आगी लावणाऱ्या ९० गुन्हेगारांच्या अभ्यासात (२००५) निकषांत बसले अवघे तीन. फ्रेंच वैद्य मार्क यांनी १८३३ मध्ये याला स्वतंत्र वेड मानले होते.

प्रत्येक आगीमागे असा रुग्ण नसतो. उदाहरणार्थ, भिवंडी (जि. ठाणे) हे यंत्रमाग आणि गोदामांचे शहर आगींमुळे सतत बातम्यांत असते. सूत, कापड, रसायने दाटीने साठवलेली. तिथे एक ठिणगी पुरते. अशा आगीमागे माथेफिरू शोधण्याआधी वायरिंग आणि साठा तपासणे शहाणपणाचे. मुद्दाम लावलेल्या आगीवर भारतीय न्याय संहितेचे कलम ३२६ लागू होते. केवळ ऊर्मी अनावर झाली म्हणून कलम २२ चा (मनोविकलतेचा) बचाव सहसा मिळत नाही. या विकारावर खास औषध नाही. वर्तनोपचारांवर भर असतो. भिवंडीजवळचे सरकारी उपचारकेंद्र म्हणजे १९०१ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय.