संशोधकाचे अश्रू आणि 'वस्तुनिष्ठते'चं सोवळं

एमएच्या प्रबंधासाठी मी आमच्याच वस्तीतल्या सफाई कामगारांच्या मुलाखती घेतल्या होत्या. एका आजीचं बोलणं लिहून घेताना मला रडू आलं, हे मी प्रबंधात नोंदवलं. तोंडी परीक्षेत शेरा मिळाला, "हे संशोधन नाही, भावनिकता आहे." मी ते वाक्य काढून टाकलं. त्याची आज लाज वाटते.

भावना नसलेला संशोधक कधी होता तरी का? क्षेत्रकार्याचे आदर्श मानले जाणारे मालिनोव्स्की घ्या. ट्रोब्रिआंड बेटांवरचा त्यांचा ग्रंथ १९२२ साली आला. त्यांची खासगी डायरी मात्र मृत्यूनंतर, १९६७ साली छापली गेली. तिच्यात एकटेपणा आहे, चिडचिड आहे आणि त्याच बेटावरच्या लोकांबद्दलचा तिरस्कारही आहे. म्हणजे भावना होत्याच, त्या फक्त वाचकापासून लपवल्या होत्या.

आता बाबासाहेबांकडे या. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ १९४६चा. त्याच्या प्रस्तावनेत ते ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर अशा दोन्ही अभ्यासकांच्या मनातले अडसर दाखवतात. ब्राह्मणेतर चळवळीशी आपला संबंध आहे, हे स्वतःच सांगतात. मात्र हे पुस्तक त्या राजकारणासाठी लिहिलेलं नाही, हेही बजावतात. आपण कुठे उभे आहोत ते आधी सांगायचं आणि मग पुरावा मांडायचा, ही त्यांची रीत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून हाकलल्याचा प्रसंग आहे. अठरा वर्षांनंतरही तो आठवला की डोळ्यांत पाणी येतं, असं हा कोलंबियात शिकलेला अर्थशास्त्रज्ञ लिहितो. त्या अश्रूंनी त्यांची विद्वत्ता कमी झाली का?

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली आणलं. आपुलकी नसती तर त्या दारांपर्यंत कोण गेलं असतं?

पण मित्रांनो, एक भान ठेवू या. रडू आलं म्हणून निष्कर्ष खरा ठरत नाही. वेदना प्रश्न विचारायला लावते, उत्तर पुराव्यानेच द्यावं लागतं. बाबासाहेबांनी दोन्ही केलं.

म्हणून प्रबंध लिहिणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो, ते वाक्य खोडू नका. त्याच्या शेजारी भक्कम पुरावा ठेवा. जातीची झळ ज्याला कधी लागली नाही, त्याचं अलिप्त राहणं हीसुद्धा एक जागाच आहे. तीही त्याला लिहायला लावा.

जयभीम!